अंगठा उमटत नाही

काकीनं मशीनवर अंगठा दाबला. जमलं नाही. पदराला पुसून पुन्हा दाबला. पुन्हा नाही. मग शेजारचं बोट झालं, मधलं झालं, डावा हात झाला. रांगेतल्या बायका ‘जरा वला कर गं’, ‘जोरात दाब’ असे सल्ले द्यायला लागल्या. पन्नास वर्षं खुरपं धरलेला हात तो. आल्याच्या सऱ्या भांगलून भांगलून अंगठ्याच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या. रेशन दुकानदार काही वाईट माणूस नव्हता, पण मशीन ऐकेना त्याला तो तरी काय करणार. काकी रिकामी पिशवी काखोटीला मारून बाहेर आली आणि मला म्हणाली, “जल्मभर अंगठेबहाद्दर म्हनून घेतलं. आता अंगठा बी उमटंना. आता मी कोन म्हनायची गं?”

मी हसले, तीही हसली. धान्य नंतर फोनवर आलेल्या ओटीपीवर मिळालं. ओटीपीचे आकडे काकीला वाचता येतात, नोटा मोजणाऱ्या बाईला आकडे येणारच. पण फोनवरच्या दहा मेसेजांतला ओटीपीचा कुठला आणि कर्जाच्या जाहिरातीचा कुठला, हे तिला कळत नव्हतं. त्यासाठी नातवाला शाळेतून यायला लागलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती आमच्या सोप्यात येऊन बसली. चहा झाला. उठता उठता, जणू काही वाटीभर साखर मागावी तसं म्हणाली, “मला शिकीव.”

काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, वाठार स्टेशनच्या बाजूला. मी पोस्टात काउंटरवर २८ वर्षं काढली, आणि अंगठे घेणं हा माझ्या कामाचाच भाग होता. समोरच्या माणसाचं बोट धरायचं, निळ्या शाईच्या पॅडवर लोळवायचं, रजिस्टरवर लोळवायचं आणि शेजारी आपल्या अक्षरात लिहायचं, ‘निशाणी अंगठा’, आणि पुढं नाव. त्या ठशाला लागून काय लिहिलंय हे ज्याचा ठसा त्यालाच वाचता यायचं नाही. रोज पंचवीस-तीस वेळा हे केलं तरी त्यात काही विचित्र आहे असं मला नोकरीभर कधी वाटलं नव्हतं.

काकीला शिकवायचा माझा हा दुसरा प्रयत्न. पहिला तीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यात मी सपशेल नापास झाले होते.

तेव्हा मी साताऱ्याला कॉलेजात होते. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन निघालं होतं, १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम हा देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, आणि त्याची लाट सगळीकडे पसरत होती. भिंतींवर घोषणा, चौकात पथनाट्यं, रात्रीचे वर्ग. आमच्या देवळाच्या ओवरीत एका बल्बखाली अकरा बायका जमायच्या आणि मी त्यांची बाई. वय वर्षं वीस.

अभियानाच्या वाचनपुस्तिका माझ्यापेक्षा शहाण्या होत्या, हे आज कबूल करते. तीन भाग, प्रत्येक धडा एका चित्राभोवती आणि ओळखीच्या शब्दाभोवती रचलेला, मध्ये मध्ये चाचण्या. पण मी ती पुस्तिका बाजूला ठेवली आणि फळ्यावर लिहिलं, अ अननसाचा. कारण मी तशी शिकले होते. आपण जसे शिकलो तसंच दुसऱ्याला शिकवायचं, ही मास्तरकीतली सगळ्यात जुनी खोड असावी.

काकीनं विचारलं, “ह्ये काय असतंय?”

“अननस. फळ आहे.”

“तू खाल्लंय?”

मी खाल्लं नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी चिडले आणि दहा वेळा अ काढायला सांगितलं.

काकी तेव्हा चाळिशीची. ती पाटी हात लांब करून धरायची, मान मागं घ्यायची, डोळे बारीक करायची. मी दर वेळी पाटी तिच्या नाकापाशी ढकलायची, “जवळ धर की काकी, दिसेल कसं?” तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की डोस्कं दुखतंय, आणि पुन्हा आली नाही. ‘ह्या वयात न्हाई जमायचं’ असं तिनं आईला सांगितल्याचं मला कळलं, आणि मलाही ते मनातून पटलं. उरलेल्यांपैकी तिघींचे हात मी चाचणीच्या दिवशी धरून लिहिले. त्या साक्षर झाल्या, मला प्रमाणपत्र मिळालं.

आपल्या भाषेनं चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटलंय. चाळीस वर्षं झाली की जवळचं दिसेनासं होतं, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतं, म्हणून तर तो शब्द झाला. आणि मी, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, काकीला मंदबुद्धी समजत होते. तिला अ समजत नव्हता असं नाही. तिला अ दिसत नव्हता.

म्हणून या वेळी पाटी नाही, पुस्तक नाही, आधी कोरेगावच्या आठवडी बाजारातून दीडशे रुपयांची चाळिशी आणली. काकीनं ती नाकावर चढवली आणि पहिल्यांदा सुपातले तांदूळ बघितले. “बया! एवढं खडं खातुया आपुन?” मग सुई ओवून बघितली. मग स्वतःचा अंगठा बराच वेळ निरखत बसली. त्या दिवशी आम्ही एकही अक्षर शिकलो नाही, पण मला वाटतं अर्धं काम त्या दिवशीच झालं. मोठ्यांच्या वर्गासाठी पुस्तिकांचे गठ्ठे येतात, खडू येतात, फलक येतात. चष्म्याची पेटी आलेली मी कधी बघितली नाही.

दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून करायची. तिला विचारलं, तर म्हणाली, “सई.”

सहीचा मला राग आहे. पोस्टात मी अशा कितीतरी सह्या बघितल्यात की माणूस चित्र काढावं तसं नाव काढतो, एक काना हलला की थांबतो, पुन्हा पहिल्यापासून काढतो. नावातलं एक अक्षर वेगळं काढून दाखवलं तर ओळखू येत नाही. आमच्या जिल्ह्याचा याबाबतचा इतिहास मोठा आहे. १९५९ साली साताऱ्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं राज्यभर गेली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आजोबा सांगायचे, गावात गुलाल उधळला होता, मिरवणूक निघाली होती, साठीचे म्हातारे पाट्या डोक्यावर धरून नाचले होते. मी पोस्टात लागले तेव्हा त्या मिरवणुकीतली जी माणसं हयात होती, त्यातल्या बऱ्याच जणांकडे सहीच तेवढी उरली होती. मोहीम खोटी नव्हती. पण शिकलेलं वाचायला घरात एक कागद नसेल, तर अक्षरं राहतील कशाच्या आधारानं? वापरात नसलेला रस्ता गवतात जातो, तसं झालं.

तर सही नंतर, असं मी ठरवलं. आता शब्द कुठला? तेव्हा मला काकीच्या भिंतीची आठवण झाली.

काकी भांगलणीच्या टोळीची मुकादमीण. बारा-चौदा बायका, आल्याच्या, उसाच्या, घेवड्याच्या रानात रोजानं जातात. कोण आलं, कोणाचा खाडा पडला, कुणी अर्ध्या दिवसानं घर गाठलं, कुणी उचल घेतली, हा सगळा हिशोब काकी गोठ्याच्या आतल्या भिंतीवर कोळशानं ठेवते. लहानपणापासून ती भिंत मी बघत आले होते आणि मला ती काजळीच वाटायची. चष्मा मलाही हवा होता म्हणायचं. या वेळी तिच्यासमोर बसून नीट विचारलं. प्रत्येक बाईची एक ओळ. ओळीच्या तोंडाशी खूण: जिचं घर पिंपळाजवळ तिचं पान, जिच्या घरी शेळ्या तिची दोन शिंगं, एकीची नुसतीच चूल, कारण ती ‘लई चुलीपाशी रमती, उशिरा येती’. उभी रेघ म्हणजे पूर्ण दिवस, आखूड रेघ म्हणजे अर्धा, मोकळी जागा म्हणजे खाडा. खाली गोल म्हणजे उचल, एक गोल शंभराचा. मी शेळ्यांच्या शिंगांवर बोट ठेवलं. “अकरा दिस आन् अर्धा. रोज तीनशे. तीन हजार साडेचारशे. पाचशे उचल घेतलीया. दोन हजार साडेनऊशे द्यायचं.” मी अजून फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडत होते.

हिला ‘निरक्षर’ म्हणून सर्वेक्षणाच्या यादीत घेतलं होतं. यादी चुकीची नव्हती. जनगणनेच्या व्याख्येनं सात वर्षांवरचं जे माणूस कुठलीही भाषा समजून लिहू-वाचू शकतं ते साक्षर, आणि काकी त्यात बसत नाही. पण पाटी कोरी आहे असं समजून तिच्यासमोर बसणारा माणूस पहिल्याच दिवशी चुकणार, आणि मी तशी एकदा चुकले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हाची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. प्रवर्तकांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा सांगतात, त्या बायकांनी महिनोन् महिने अक्षरं गिरवली, पुन्हा अर्ज नेला आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर काढावं, बघू कोण आधी. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. ही गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती हिशोबाची वाटते.

भिंतीवरूनच मला शब्द सापडला. रोज. रोजचा रोज, आणि मजुरीचाही रोज. काकीच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा येणारा शब्द, आणि अक्षरं फक्त दोन.

ही युक्ती माझी नाही. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरे यांनी १९६३ मध्ये अँजिकोस नावाच्या गावात ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवलं, तेव्हा त्यांनी आधी त्या माणसांच्या तोंडचे, त्यांच्या जगण्यातले शब्द गोळा केले होते. बांधकामावरच्या मजुरांसाठी ‘तिजोलो’, म्हणजे वीट. आधी विटेचं चित्र, विटेवर गप्पा: विटा कोण करतो, घर कोणाचं होतं, मजुरी किती मिळते. मग तो शब्द फोडायचा, ती-जो-लो. मग ता ते ती तो तू, जा जे जी जो जू, ला ले ली लो लू असं मांडायचं आणि म्हणायचं, यातून आणखी काय काय होतं बघा. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली, फ्रेअरे तुरुंगात गेले आणि नंतर देशाबाहेर. मजुरांना ‘मजुरी किती मिळते’ असं विचारायला शिकवणं कुणाला तरी जड गेलं असणार.

हे वाचताना मला पहिल्यांदा आठवली ती आपली बाराखडी. त्यांना जे तक्ते करून मांडावं लागलं, ते आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तयार पडलंय. फक्त आपण ती कापासून ज्ञापर्यंत पाठ करायला लावतो, आणि गाणं झालं की अक्षर हरवतं. मी काकीला दोनच बाराखड्या दिल्या, ‘र’ची आणि ‘ज’ची. रा रि री रु रू रे रो. जा जि जी जु जू जे जो. लहान कार्डांवर, जाड स्केचपेननं. आणि म्हटलं, जुळव.

पहिल्या दिवशी ‘रोज’. दुसऱ्या दिवशी ‘जर’ आणि ‘जरा’. मग ‘राजा’. मग ‘जोर’, यावर ती खूश, कारण मशीनवरचा ‘जोरात दाब’ तिला आठवला. ‘राजू’ हे तर तिच्या माहेरच्या बैलाचं नाव. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती चुलीपुढं कार्डं पसरून बसली होती. बराच वेळ आवाज नाही. मग हळूच, “जे... जु... री.” थांबली. पुन्हा, “जे जु री.” आणि मग एकदम मोठ्यांदा, “आगं, जेजुरी!” कार्डं तिनं उचलून कपाळाला लावली. आमचं कुलदैवत खंडोबा. “रोजातनंच निघाली की गं!” त्या रात्री तिनं भंडारा आणून तीन कार्डांवर टाकला. ती पिवळी कार्डं अजून आहेत.

सातारा-पुणे रेल्वेमार्गावर जेजुरी स्टेशन आहे. लग्न झाल्यापासून ती किती वेळा त्या पाटीखालून गेली असेल.

शब्दाचा आकार ध्यानात ठेवायची तिची स्वतःची एक पद्धत आधीपासून होतीच. एसटीच्या पाट्या ती तशाच ओळखायची. सातारा म्हणजे ‘तीन काट्या’, सा ता रा, तीन काने. कुणाला ही अडाण्याची युक्ती वाटेल, पण मोठ्यांना शब्द अख्खा ओळखायला लावायची पद्धत रीतसर आहे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकारानं टीसीएस या संगणक कंपनीनं याच धर्तीवर संगणकावर प्रौढांना वाचायला शिकवायचा कार्यक्रम केला होता. त्यानं वेग लवकर येतो, हे खरं. पण काकीच्या तीन काट्यांनी तिला एकदा फलटणच्या स्टँडवरून बारामतीला नेलं होतं. बा रा म ती. दोन काने सुरुवातीलाच, तिसरा ‘ती’चा. “काट्या मोजल्या, वळखी न्हाई केली,” असं ती स्वतःच सांगते. रात्री मुक्काम करून परत आली होती. म्हणून मला वाटतं, आकार ओळखणं चांगलं, पण फोडता आलं पाहिजे.

आणि अक्षरांना चित्रं जोडायची तर ती काकीनं जोडावीत. फ्रँक लाउबाक हे मिशनरी चित्रातून अक्षर उमटवायचे तक्ते करत जगभर फिरले, भारतातही आले, आणि एकानं एकाला शिकवावं हा त्यांचा मंत्र. मी माझ्या डोक्यानं काकीला चित्रं सुचवली, ती तिच्या ध्यानात राहिली नाहीत. तिनं स्वतः काढली ती एकही विसरली नाही. ‘ट’ म्हणजे विळा. ‘ठ’ म्हणजे शिंक्यातलं गाडगं. त्या वरच्या रेघेला टांगलेलं गाडगं मला आता ठ लिहिताना दर वेळी दिसतं. ‘ळ’ म्हणजे जोडवी. र मात्र तिच्या डोक्याला ताप झाला. ‘रान’ मध्ये वेगळा, ‘सर्व’ मध्ये डोक्यावर बसलेला, ‘प्रत’ मध्ये पोटात शिरलेला, ‘ट्रक’ मध्ये पायाशी लोळणारा, ‘सऱ्या’ मध्ये आणखीच भलता. “ह्यो र हाय का बहुरूपी?” तेव्हापासून आमच्याकडे रला बहुरूपीच म्हणतात. नातूसुद्धा शाळेत बहुरूपी म्हणाला आणि बाईंनी विचारलं, ते काय रे?

सगळंच असं गमतीत झालं असं समजू नका. मधले दोन महिने फार कंटाळवाणे होते. को... रे... गा... वा पर्यंत पोचेपर्यंत को हरवलेला असायचा. चारही अक्षरं बरोबर वाचून ती माझ्याकडे बघायची, “काय झालं मग?” वाचण्याचा वेग इतका कमी असला की शब्दाला शब्दपण येत नाही, वाक्याला तर नाहीच. मुलं याच टप्प्यातून जातात, पण त्यांच्यापुढं दिवसाचे पाच तास आणि दहा वर्षं असतात. काकीपुढं रोज पाऊण तास, तोही म्हशीची धार झाल्यावर. या टप्प्यावर बहुतेक मोठी माणसं सोडून देतात, आणि वर्ग चालवणारे ‘इच्छाशक्ती नाही’ असा शेरा मारतात. इलाज एकच, तेच ते पुन्हा पुन्हा वाचणं, आणि तेच ते वाचायला ते आपलं असावं लागतं.

म्हणून मी तिचं बोलणं लिहून घ्यायला लागले. ती सांगायची, मी मोठ्या अक्षरात लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच तिला वाचायला. ‘आज पाऊस न्हाई आला. रान वाळलं. उद्या टोळी खालच्या शिवारात जायची.’ पुढं काय येणार हे तिला ठाऊक असल्यानं डोळा पुढं धावायचा. पुस्तिकेतलं ‘नाही’ आलं की ती अडखळायची. “आपुन न्हाई म्हनतो. हितं ना ही हाय.” मी काय करावं? दुरुस्त करावं का? मी नाही केलं. ‘न्हाई’ लिहिता-वाचता आल्यावर ‘नाही’ शिकायला तिला एक संध्याकाळ लागली. उलट क्रमानं गेले असते तर ती गेलीच असती, अननसासारखी.

लाजेचं काय? सुरुवातीला ती दार लावून गोठ्यात बसायची. कुणी आलं की कार्डं गोवऱ्यांच्या टोपलीत. मी तिला देवराष्ट्र्याची गोष्ट सांगितली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं गाव, तिथं १८६२ मध्ये जन्मलेल्या रमाबाई रानडे लग्न झाल्यावर नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकल्या, घरातल्या बायकांचे टोमणे खात. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईही लग्नानंतरच शिकल्या, आणि १८५५ मध्ये त्यांनी आणि जोतिरावांनी स्वतःच्या घरात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यास्नी नवऱ्यानं शिकिवलं. माज्या नवऱ्याला कुनी शिकिवलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका अंगठ्यावरच गेले.

नातवाकडून शिकणं मात्र जमलं नाही. सरकारच्या सध्याच्या ‘उल्लास’ योजनेत, १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठीच्या, शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक, त्यात विद्यार्थीही येतात. क्यूबानं १९६१ मध्ये शाळकरी पोरांना कंदील देऊन खेड्यांत पाठवलं आणि वर्षभरात सात लाखांवर माणसं शिकवली, तेव्हा कल्पना वाईट नाही. पण आमचा नातू दुसरीत. “आजी, चुकलं!” एवढंच त्याला येतं. वाट बघता येत नाही. परक्या घरचा पोरगा कदाचित बघेल.

१७ मार्च २०२४, रविवार. गावच्या शाळेत ‘उल्लास’ची परीक्षा. वाचन, लेखन, संख्याज्ञान, ५०-५० गुणांचे तीन भाग. बुटक्या बाकांवर पाय दुमडून बसलेल्या बायका, कुणी नवी साडी नेसलेली, कुणी देवाला नारळ फोडून आलेली. काकी गणितात नुसती उत्तरं लिहून मोकळी झाली. मांडणी लिही, असं सांगितल्यावर म्हणाली, “मांडलंया की, डोस्क्यात.” पास झाली. प्रमाणपत्र तिनं पेटीत ठेवलं, ग्रामगौरवचा गुलाल उडाला नाही.

परीक्षेनंतर काय वाचायचं, ही मला धास्ती होती. वर्तमानपत्राची अक्षरं बारीक. फोन आता बोलतो, त्याला वाचायची गरज कमी. मी मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तकं आणली, ती तिनं चाळून कोनाड्यात ठेवली. आणि मग लग्नसराई आली.

लग्नपत्रिका! माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. अक्षर मोठं, मजकूर ठरलेला, नावं ओळखीची. एक वाचता आली की पुढची निम्मी तोंडपाठ. वर्षानुवर्षं पत्रिका आल्या की काकी हळदीचं बोट बघून देव्हाऱ्यात ठेवायची. या वर्षी दुपारभर चाळिशी लावून वाचत बसली. कोणाचा मामा कुठल्या गावचा, कुठलं कार्यालय, किती वाजून किती मिनिटांनी. आणि एक दिवस पत्रिका घेऊन धावतच आली. “बग, बग, निमंत्रकांत धाकल्या दिराचं नावच न्हाई. गाळलंय!” गावात ही बातमी आमच्या काकीनं फोडली. छापून आल्यानंतर दोन दिवस कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्या घरात त्यावरून बरंच महाभारत झालं, आणि शेवटी पेननं नाव घालून पत्रिका पुन्हा वाटल्या. काकी अजून त्याबद्दल दिलगीर नाही.

सहीसुद्धा ती शिकली, शेवटी, एका दुपारी, माझ्या मदतीशिवाय. रेशनच्या मशीनला सही चालत नाही, तिथं अजून ओटीपीच. पण आता मेसेज ती स्वतः शोधते.

गेल्या महिन्यात गोठ्यात गेले तर भिंत बदललेली. पान, शिंगं, चूल सगळं पुसून ओळींच्या तोंडाशी नावं लिहिलेली. वेलांट्या इकडच्या तिकडे, पण नावं. मला भरून आलं वगैरे. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

परवा पुन्हा गेले. नावं गायब. पुन्हा पान, शिंगं, चूल. मी विचारलं, हे काय?

काकी म्हशीला पेंड घालत होती. म्हणाली, टोळीतल्या दोघी आता वाचायला लागल्यात. कुणी किती उचल घेतली ते भिंतीवरनं वाचून एकमेकींना बोलून दाखवायला लागल्या. भांडणं झाली. एकीनं रानात यायचं बंद केलं.

“म्हनून मग परत आपलं बरं.”

मी भिंतीजवळ गेले. एका कोपऱ्यात नवी खूण होती, चौकोन आणि त्यात तिरपी रेघ, खाली तीन गोल. तशी खूण मी आधी बघितली नव्हती.

“हे कोण गं?”

तिनं वळून बघितलंही नाही. “तुज्या कामाचं न्हाई ते. चल, च्या ठेवती.”